हिरव्या पंपाचे पाणी

पाणी उकळून प्या, असे आपण एकमेकांना सांगत आलो. बंगालच्या खोऱ्यात हा सल्ला अपुरा पडतो. आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल, उकळल्याने जात नाही. पाणी आटते, विष तेवढेच राहते. त्याला रंग, वास, चव काहीच नाही.

हे विष कोणी कालवलेले नाही. हिमालयातून आलेल्या गाळातून ते भूजलात उतरले. तळ्याचे पाणी पिऊन मुले हगवणीने दगावत, म्हणून युनिसेफ आणि सरकारने 1970 च्या दशकात बांगलादेशात गावोगाव हातपंप बसवले. हेतू चांगलाच होता; आर्सेनिकची तपासणी मात्र झाली नाही. 1983 मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांचे निदान केले. बांगलादेशात हे दूषण ओळखायला 1993 उजाडले.

तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर ठिपके, पुढे कातडी, फुप्फुस किंवा मूत्राशयाचा कर्करोग. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. तरीही लोक त्याला कुष्ठरोग समजतात, मुलींची लग्ने अडतात, बायका माहेरी धाडल्या जातात. पाण्याचा दोष बाईच्या कपाळी मारायची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

2000 नंतर तिथे सुमारे 50 लाख पंप तपासले गेले. धोक्याचे लाल रंगवले, बाकीचे हिरवे. पण हिरवा म्हणजे लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे! पुढे रंगही उडाले आणि लोकांनी स्वखर्चाने खोदलेले कित्येक नवे पंप तपासणीविना राहिले.

दीडशे मीटरखालचे पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित असते, पण तेवढे खोल जाणे गरिबाला परवडत नाही. तिथे सरकारच लागते. ह्यूमन राइट्स वॉचच्या 2016 च्या अहवालानुसार, सरकारी खोल पंपांपैकी निम्म्यांच्या जागा खासदारांच्या मर्जीवर ठरत आणि काही पंप थेट समर्थकांच्या अंगणात गेले.

कुंपणाआडचा सरकारी पंप सार्वजनिक कसा म्हणायचा? मुर्शिदाबाद, मालदा, नदिया या आपल्या जिल्ह्यांतही हेच विष आहे. तिथल्या प्रत्येक पंपाची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी, आकडा पंपावरच लिहावा, आणि नव्या पंपाची जागा ग्रामसभेत, बायकांच्या उपस्थितीत ठरावी. पाणी भरायला त्याच जातात.