सर्वांची शाळा

अकराव्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेवरून मुलाचे भवितव्य ठरवावे काय? इंग्लंडमध्ये हा प्रश्न एकेकाळी घरोघरी विचारला जात असे. १९४४ च्या कायद्याने तेथील माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले, ही गोष्ट मोठीच होती. परंतु त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारी थोडी मुले ‘ग्रामर’ शाळेत जात आणि बाकीची बहुतेक ‘मॉडर्न’ शाळेत. पहिल्या वाटेने विद्यापीठ गाठता येई. दुसरी वाट बहुधा पंधराव्या वर्षीच कारखान्याच्या दाराशी संपे.

ही विभागणी नाहीशी करण्याच्या हेतूने लंडनच्या शासनाने १९५४ साली किडब्रूक येथे मुलींची भव्य शाळा उघडली. सर्व प्रकारच्या मुलींसाठी मुद्दाम बांधलेली अशी लंडनमधील ही पहिलीच शाळा होय. मेरी ग्रीन या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका. शेजारची एक ग्रामर शाळा तीत विलीन करण्याचा बेत पालकांच्या विरोधामुळे फसला. शिक्षणमंत्र्यांनीच परवानगी नाकारली. हुशार मुली मागे पडतील, सुमारे दोन हजार मुलींत एकेकटी हरवून जाईल, अशी भीती अनेकांना वाटे.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. संख्या वाढली की शिक्षकांची जबाबदारीही वाढते. तथापि, मोठ्या शाळेत विषय अधिक शिकवता येतात. शिवाय सर्वच झाडे एकाच वेळी मोहरत नाहीत. अकराव्या वर्षी मंद वाटणारा विद्यार्थी चौदाव्या वर्षी गणितात चमकू शकतो. सर्वांच्या शाळेत त्याच्यासाठी दार उघडे राहते.

१९६५ साली सरकारने अशाच शाळांच्या योजना आखण्यास स्थानिक शासनांना सांगितले. पुढे कॅरिबियन बेटे, भारतीय उपखंड व आफ्रिका येथून आलेल्या कुटुंबांची मुलेही लंडनच्या अशा शाळांत एकत्र बसू लागली. २००५ साली किडब्रूकच्या स्वयंपाकघरातील निकृष्ट जेवण जेमी ऑलिव्हर या पाकतज्ज्ञाने दूरदर्शनवरून देशाला दाखविले. सरकारला शालेय भोजनासाठी २८ कोटी पौंड जाहीर करावे लागले. एका शाळेतील ताटाचा प्रश्न साऱ्या देशाचा झाला!

इंग्लंडमध्ये आजही १६० हून अधिक ग्रामर शाळा आहेत. वाद मिटलेला नाही. परंतु ज्यांना पुढे एकाच नगरात राहावयाचे आहे, त्यांना बालपणीच वेगवेगळ्या दारांनी आत घेणे शहाणपणाचे नव्हे. निवडक मुलांना पुढे नेणे सोपे असते. सर्वांना बरोबर घेऊन पुढे जाणे, हीच शाळेची खरी कसोटी होय.