खाडा आणि ख्रिस्ती प्रीति

दिवाळीच्या सुमारास अंबाजोगाईच्या आसपासचीं कित्येक कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकाचा दिवस चुकला कीं खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यांतील अशा हजारों स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें. त्यामागील कारणांत खाड्याची धास्तीहि होती. ऐकून आमची मान खालीं गेली.

द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतील धन्यानें शेवटच्या घटकेस आलेल्या मजुरासहि पुरा रोज दिला. काम थोडें असलें तरी भूक पुऱ्या दिवसाची होती.

विद्यार्थीमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी कारखान्यांत कारकून होईल, कोणी मुकादम. आजारी बाईचा खाडा मांडतांना तुमचा हात थांबला, तरच येथें शिकलेली प्रीति खरी, असें आम्ही समजूं.