निरोप समारंभ, साडी आणि छत्र्यांवरचे फोटो

बारावीचा निरोप समारंभ आता शाळेत संपत नाही. इंदूरची आपली मुलं फोटोंसाठी कृष्णपुरा छत्र्या गाठतात. हौसेला आमची ना नाही. पण भाड्याचा लेहंगा, पार्लर, फोटोग्राफर असा खर्च चढत गेला की एखादी मुलगी "बरं वाटत नाही" म्हणून घरीच राहते. हे खटकतं. आईची माहेश्वरी काढा की! सुती-रेशमी, वजनाला हलकी, पायऱ्या चढताना जड होत नाही. पदराला पिना मात्र भरपूर लावा. मुलांना साधा कुर्ता पुरे. केस आठवडाभर आधी कापलेले बरे. फोटो उतरत्या उन्हात काढावेत. काही वर्गांत सगळ्यांना एकच रंग ठरवतात, मग कपाटभर साड्या असूनही नवी घ्यावी लागते. ही पद्धत शाळांनी आधी बंद करावी.