दाढीवाला म्हणजे कसा?

व्हिएतनामी माणसाला दाढी फारशी येत नाही, मग त्यांच्या भाषेत दाढीचे शब्द तरी किती असणार, असं आपल्याला सहज वाटतं. तसं नाही.

मूळ शब्द 'ज़ऊ'. ('ज़' आपल्या 'ज़मीन'मधला. हा हनोईकडचा उच्चार. दक्षिणेत हाच शब्द 'र'ने सुरू होतो.) शब्दकोशात त्याच्यापुढे 'दाढी' लिहितात, पण ते अर्धंच झालं. ओठावरची मिशीही 'ज़ऊ', मांजराच्या आणि कोळंबीच्या मिश्याही 'ज़ऊ', मक्याच्या कणसातून लोंबणारे केसही 'ज़ऊ'च. डोक्यावरच्या केसांना मात्र वेगळा शब्द 'तॉक' आणि अंगावरच्या केसांना तिसरा, 'लोंग'. आपण नेमकं उलट करतो. दाढी आणि मिशी कधी एक होऊ देत नाही, पण डोक्यावरचे काय नि हातावरचे काय, मराठीत 'केस', उर्दूत 'बाल' म्हणून मोकळे.

माझा आवडता शब्द 'ज़ऊ क्वाय नॉन'. 'नॉन' म्हणजे तिथली ती शंकूसारखी टोपी, 'क्वाय' म्हणजे हनुवटीखालून जाणारा तिचा बंद. एका कानापासून जबड्यावरून दुसऱ्या कानापर्यंत भरलेली दाढी! टोपी पाहिली असेल त्याला चेहरा लगेच दिसतो. हनुवटीपुरतीच असेल तर 'ज़ऊ ज़े', शेळीची दाढी. आपल्या बोकडदाढीची बहीणच. आणि 'मय ज़ऊ', म्हणजे भुवया-दाढी, हा शब्द समस्त पुरुषवर्गासाठी. गुळगुळीत गालाचे पुरुषही त्यातच आले.

आपल्याकडेही शब्द कमी नाहीत. मिसरूड, कल्ले, गलमिश्या, उर्दूतलं 'ख़त' आणि 'रीश'. पण हल्ली कानावर पडतो तो एकच, 'दाढीवाला'. आणि तो ज्या सुरात म्हटला जातो, त्यात दाढी कशी आहे हे नसतं, माणूस कोणापैकी आहे एवढंच असतं. टोपीच्या बंदासारखी दाढी म्हणणाऱ्याने निदान समोरचा चेहरा पाहिलेला असतो. 'दाढीवाला' म्हणणारा पुष्कळदा पाहतच नाही. वाईट म्हणजे आपली मुलंही आता स्वतःच्या आजोबांचं वर्णन त्याच एका शब्दात उरकतात.

म्हणून व्यक्तिचित्रणाच्या निबंधात 'त्यांना दाढी होती' एवढ्या वाक्याला मी गुण देत नाही. वहीच्या कडेला लिहितो : कशी होती? विरळ, दाट, मेंदी लावलेली, की कडा कोरलेली?