उसना चंद्र

गेल्या कोजागिरीस एका स्नेह्यांच्या गच्चीवर मंडळी जमली होती. मसाल्याच्या दुधाचे पेले फिरत असतांना यजमानांच्या चौदा वर्षांच्या मुलीनें एक छायाचित्र भीत भीत पुढें केलें. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या लहानशा दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला घरांतला जुना मोबाईल टेकवून शुक्ल अष्टमीच्या चंद्राचें तें चित्र तिनें स्वतः घेतलें होतें. चित्र कडेला पुसट होतें, आणि आरशांतल्याप्रमाणें त्याची उजवी-डावी बाजू पालटलेली होती. तेवढ्यांत तिच्या मामांनीं आपला नवा मोबाईल आकाशाकडे रोखला, आणि क्षणार्धांत पूर्णचंद्राचें असें झळझळीत चित्र दाखविलें कीं, सर्वांनीं माना डोलावल्या. "मग एवढी यातायात कशाला?" असें कोणीसें म्हणालें. मुलगी हंसली, पण दुर्बीण त्याच रात्रीं खोक्यांत गेली.

त्या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठीं हा लेख आहे. कारण तो प्रश्न आज सुशिक्षित घराघरांतून विचारला जातो, आणि तो शहाणपणाचा समजला जातो.

या पक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें: चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या यानांनीं १९६६-६७ सालींच त्याचा बहुतेक सर्व पृष्ठभाग टिपला, २००९ पासून तर एक यान अर्ध्या मीटरच्या आसपासचा बारकावाहि दाखवीत आहे, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान-३ तेथें उतरलें. मग जिला तीन किलोमीटरांहून बारीक कांहीं दिसत नाहीं, अशा दुर्बिणीनें चित्र घेऊन कोणतें ज्ञान वाढणार? जगाचें ज्ञान वाढणार नाहीं, हें कबूल. परंतु याच न्यायानें ज्यांच्या घरीं उत्तम गवयांच्या ध्वनिमुद्रिका आहेत त्यांनीं मुलांना गाणें शिकवूं नये, आणि गल्लींत खाणावळ निघाली कीं घरची चूल विझवावी! प्रश्न जगाच्या ज्ञानाचा नसून त्या मुलीच्या ज्ञानाचा आहे.

तें किती वाढलें होतें, हें विचारण्याची तसदी त्या रात्रीं कोणी घेतली नाहीं. पहिल्या प्रयत्नांत तिला नुसता पांढरा डाग मिळाला होता. रात्र आहे म्हणून प्रकाश अधिक वेळ घ्यावा, ही तिची समजूत चुकीची ठरली; कारण चंद्र म्हणजे भर उन्हांत पडलेला, डांबरी सडकेसारखा काळसर दगड आहे, आणि त्याचें चित्र दिवसा उन्हांतल्या वस्तूचें घ्यावें तसेंच घ्यावें लागतें. चंद्र दोन मिनिटांच्या सुमारास आपल्या व्यासाइतका सरकतो, तेव्हां पृथ्वीचें फिरणें तिनें पुस्तकांत न वाचतां दुर्बिणीच्या कांठावर पाहिलें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पौर्णिमा ही चित्राला सर्वांत वाईट रात्र होय, हें तिला कळलें होतें. त्या दिवशीं सूर्य आपल्या पाठीशीं असल्यानें तेथें सावल्याच दिसत नाहींत. सर्व चंद्र सपाट भासतो. अष्टमीला मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमी आणि अल्फॉन्सस हीं विवरें सावलीनें भरून उठतात, आणि ॲपेनाइन पर्वताचीं शिखरें अंधारांत ठिणग्यांसारखीं चमकतात. १६०९ सालीं गॅलिलिओनें असल्याच ठिणग्या पाहून चंद्रावर पर्वत आहेत हें ताडलें, आणि सीमेपासूनचें त्यांचें अंतर मापून त्यांची उंची काढली. हाच हिशोब ती मुलगी आपल्या पुसट चित्रावर करूं शकते.

मामांच्या झळझळीत चित्रावर तो करतां येईल काय? मार्च २०२३ मध्यें एका गृहस्थानें चंद्राचें मुद्दाम धूसर केलेलें चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून अंधाऱ्या खोलींतून एका मोबाईलनें टिपलें. पडद्यावर जो तपशील मुळांत नव्हताच तो मोबाईलच्या चित्रांत अवतरला! आपलें यंत्र चंद्र ओळखून त्याचा तपशील सुधारतें, असा खुलासा मग कंपनीनेंच केला. चित्रांत चंद्राचें किती आणि यंत्राचें किती, हें जेथें घेणाऱ्यालाच सांगतां येत नाहीं, तेथें त्याला छायाचित्र न म्हणतां शोभेचें चित्र म्हणणें बरें.

यावर कोणी विचारील कीं, हौशी लोकहि शेंकडों चित्रांतून निवडक चित्रें घेऊन संगणकावर एकमेकांवर बसवितातच ना? बसवितात, परंतु त्यांतील प्रत्येक कण त्यांच्याच भिंगांतून आलेला असतो. सरासरीनें हवेची थरथर वजा होते. परक्याच्या चंद्रांतलें कांहीं भरलें जात नाहीं. हिशोब तपासणें निराळें आणि खोट्या रकमा मांडणें निराळें. चित्राला नसती धार आणण्याचा मोह हौशांनाहि होतो, आणि तो तितकाच निंद्य आहे.

लहान दुर्बिणी विकणाऱ्यांची बाजू मला घ्यावयाची नाहीं. खोक्यावर पांचशें पट मोठें दिसेल असें छापणारे लोक फसवितात. सत्तर मिलिमीटरच्या भिंगाला एकशेंचाळीस पटींपलीकडे ओढण्यांत अर्थ नाहीं. डगमगणारी तिपाई हें दुसरें दुखणें. पण हीं व्यंगें उघड असतात. तीं मुलाला कोठें थांबावें हें शिकवितात. जें यंत्र आपलें व्यंग झांकून दुसऱ्याचें तेज आपलें म्हणून दाखवितें, त्यापासून काय शिकावें?

१८४० सालीं न्यूयॉर्कमध्यें जॉन विल्यम ड्रेपरनें वीस मिनिटें प्रकाश घेऊन चंद्राचें चित्र मिळविलें. कसबी चित्रकाराच्या हातचा चंद्र त्याहून कितीतरी रेखीव निघाला असता. तरी शास्त्राच्या इतिहासांत मान ड्रेपरच्या चित्राला मिळाला. कारण तें चंद्राच्या उजेडानें उमटलें होतें.

आपल्या घरांतून मुलांच्या गुणांची स्तुति पुष्कळ होते. मात्र त्यांनीं स्वतः मिळविलेल्या ओबडधोबड सत्यापुढें बाजारांतली गुळगुळीत वस्तु ठेवून आपण त्यांना क्षणांत लाजवितों. मुलगी यावरून एकच धडा घेते: खरें काढण्यापेक्षां चांगलें दिसणें बरें. हा धडा चंद्रापुरता राहत नाहीं.

माझ्या स्नेह्यांना एवढीच विनंति आहे कीं, येत्या अष्टमीला तें खोकें त्यांनीं स्वतः उघडावें, आणि मुलीनें बोलावल्यावर आधीं आपला डोळा नेत्रभिंगाला लावावा.