जे द्यावयाचे, तेच तपासावे

ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव संगणकावर नोंदली जाते तेव्हा तेथे दोन गोष्टी मिळून काम करीत असतात: नोंदी साठविणारा डेटाबेस आणि त्या शोधून वाचकापुढे ठेवणारी आज्ञावली. अशा आज्ञावल्या पुष्कळदा जावा ह्या भाषेत लिहिल्या जातात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या भाषेतील मजकूर प्रथम बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात येतो. मग एक आभासी यंत्र तो चालविता चालविता प्रोसेसरच्या भाषेत उतरविते. म्हणूनच एकच आज्ञावली नाना प्रकारच्या संगणकांवर चालते; परंतु ती सुरू होण्यास वेळ लागतो आणि स्मृतीही अधिक खर्ची पडते.

२०१९ साली प्रत्यक्ष वापरासाठी सिद्ध झालेल्या ग्रालव्हीएम ह्या साधनाने हे भाषांतर आधीच उरकून घेता येते. त्यातून थेट यंत्रभाषेतील एकच फाइल निर्माण होते. ती क्षणार्धात सुरू होते. मात्र ती एका विशिष्ट जातीच्या प्रोसेसरपुरती व ऑपरेटिंग सिस्टिमपुरतीच असते.

ह्या लाभासाठी एक अट पाळावी लागते. बांधणीच्या वेळी आज्ञावलीच्या आरंभापासून जेथवर माग लागतो तेवढाच भाग ठेवला जातो. उरलेला गाळला जातो. डेटाबेसातील नोंदींना आज्ञावलीतील वस्तूंचे रूप देणारी साधने तर आपल्याला हवे ते घटक अनेकदा चालू असतानाच नावाने शोधतात. अशा घटकांची यादी बांधणीपूर्वी दिलेली नसेल, तर ते अंतिम फाइलमध्ये नसतातच. मग आभासी यंत्रावर सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झालेली आज्ञावली थेट रूपात मात्र पहिल्याच नोंदीपाशी अडखळते.

थेट बांधणीस कित्येक मिनिटे आणि कित्येक गिगाबाइट स्मृती लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी चाचण्या केवळ आभासी यंत्रावर होतात. तेथेही पोस्टग्रेएसक्यूएलच्या जागी एचटू हा स्मृतीतच राहणारा छोटा डेटाबेस घेतला जातो. रोजच्या कामात ही काटकसर क्षम्य होय. परंतु तारखांची गणिते, अक्षरांचा वर्णक्रम व एकाच वेळी होणारे बदल ह्या बाबतींत सर्व डेटाबेस सारखे वागत नाहीत. म्हणून वितरणापूर्वीची शेवटची परीक्षा त्याच फाइलची आणि त्याच जातीच्या व आवृत्तीच्या डेटाबेससमोर झाली पाहिजे. बांधणीच्या वेळीच ठरलेली काही मूल्ये फाइलमध्ये कायमची गोठतात. तेव्हा डेटाबेसचा संकेतशब्द त्यांत अडकला नाही ना, हेही तपासणे अगत्याचे आहे.

चाचणीत वाचविलेली मिनिटे अखेर वाचकाच्या माथी पडतात: पुस्तक परत करूनही नोंद न झाल्याने दंड त्यालाच भरावा लागतो. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरेच. पण ते शीत त्याच भांड्यातले असावे लागते.