ॲक्सल खिळखिळा, मान ताठ

नोएडाच्या सेक्टर 18मध्ये उंच केलेली जुनी जिप्सी दिसली की मी आधी वाकून तिच्या खाली बघतो. वर दिवे, विंच, छतावरचं कॅरिअर, सगळं चकचकीत असतं. खाली पुढच्या नकलमधून ग्रीस गळत असतं, पाट्यांचे बुश चेपलेले असतात, यू-बोल्ट गंजलेले असतात. अशी गाडी चार इंच उचलून ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर आणणं याला मी शौक म्हणणार नाही. हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, आणि तो विकणारी गॅरेजं मालकाइतकीच दोषी आहेत.

पहिली थाप उंचीचीच. 'लिफ्ट केली की गाडी खाली घासणार नाही', असं सांगून किट गळ्यात मारतात. जिप्सीला पुढे-मागे सरळ, अखंड ॲक्सल आहेत. दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो ॲक्सलवरच बसलेला असतो. पाटे कितीही उंच करा, चासी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तोही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्याने. मूळचा 26 इंची टायर काढून 31 इंची घातला तर मिळाले अडीच इंच. त्या अडीच इंचांसाठी स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 70च्या पुढे असते. इंजिन धापा टाकतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि पुढच्या ॲक्सलमधल्या सीव्ही जॉइंटवर कंपनीने कधी धरलाच नव्हता इतका पीळ येतो.

दुसरी थाप स्वस्ताईची. पाटा चासीला जोडणारा शॅकल दोन इंच लांब केला तर त्या टोकाला गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते, पण पुढचा ॲक्सल फिरतो, कॅस्टर कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचं थांबतं. जिप्सीचे पाटे मुळात ॲक्सलच्या खाली असतात. ते वर चढवले की एका फटक्यात पाचेक इंच उंची मिळते. सोबत ड्रॅग लिंक तिरकी होते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरतात, ब्रेक दाबला की ॲक्सल पिळतो. थारच्या 2010पासूनच्या जुन्या पिढीत, काही मॉडेलांना, पुढे टॉर्शन बार आहेत. तिथे बोल्ट आवळून उंची 'फुकट' मिळते. प्रत्यक्षात चाकाची खाली जायची जागा खाल्लेली असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी जिप्सी 2013ची. इथल्याच एका गॅरेजने तिला लांब शॅकल लावून दिले, छातीठोक हमीसकट. आठवड्याभरात एक्स्प्रेसवेवर, पुलाच्या सांध्यावरून जाताना, पुढची चाकं थरथरायला लागली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवरेना. शेजारच्या लेनमध्ये शाळेची बस होती. गाडी कशीबशी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी जॅक लावून मागचा ॲक्सल लोंबता सोडला, तेव्हा ब्रेकचा रबरी पाइप ताणलेल्या तारेसारखा दिसला. बोटाने दाबला तर दबेना. एखाद्या खोल खड्ड्यात तो तुटला असता. उंची वाढवणाऱ्याच्या मनात तो पाइप आलाच नव्हता.

कायदाही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019ला ते पुन्हा ठणकावून सांगितलं. 2019च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळतं. शिवाय ही दिल्ली-एनसीआर आहे. 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. 2025च्या ऑगस्टमध्ये कारवाईपासून दिलासा मिळाला, डिसेंबरमध्ये तो बीएस-4 आणि पुढच्या गाड्यांपुरताच उरला. गाडीचं आयुष्यच टांगणीला असताना लोक तिच्या मानेवर लाखभर रुपये घालतात.

तो पैसा ॲक्सलमध्ये घाला. किंगपिनचे आणि चाकांचे बेअरिंग बदला, नकलचे सील बदला, टाय रॉडची टोकं हलवून बघा. गोळ्याचं तेल काढा. ते दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदर तुंबलाय. थकलेले पाटे कंपनीच्याच मापाचे नवे टाका, बुश नवे टाका, शॉक ॲब्सॉर्बर त्यांना जुळणारे घ्या. टायर मूळ मापाचेच, पण खोल खाचांचे. खासगी जमिनीवर स्पर्धेसाठी गाडी उचलायचीच असेल तर ती तिथे ट्रेलरवरून न्या, आणि ब्रेकचे पाइप, प्रोपेलर शाफ्ट, गोळ्याचं गुणोत्तर, सगळ्याचा हिशेब करून उचला.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. गाडी जुंपण्याआधी ते आसाला वंगण घालत, मगच बैल पुढे. गाडीचा जीव कुठे असतो हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मी शॅकल काढले, जिप्सी मूळ उंचीवर आणली आणि पुढचा ॲक्सल पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतला. त्याच गाडीने लाहौलमधला बातल ते ग्रांफूचा दगडगोट्यांचा रस्ता लो गिअरमध्ये, टायरची हवा कमी करून पार केला. गोळा दोनदा दगडाला घासला. परत आल्यावर खाली आडवा होऊन बघितलं, दोन ओरखडे होते. नकल कोरडी होती.